मुठीचं धान्य कोणी दिलं

सांगली जिल्ह्यातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत माझ्याविषयी एक गोष्ट सांगतात. बेदाणा शेडवर काम करणाऱ्या एका विधवेला मी सहा वर्षं, कुणाला न कळू देता, धान्य पोचवत होतो, अशी. दोन पाळक बदलले, दोघांनीही ती उपदेशात घेतली. ती खरी नाही. मी ऐंशी ओलांडली आहे आणि माझ्या दफनविधीत ती पुन्हा सांगितली जाईल याची भीती वाटते, म्हणून लिहितो.

मुठीची पद्धत आमच्याकडे जुनी आहे. तांदूळ धुवायला घेताना, ज्वारीचं दळण काढताना, आधी एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी घरोघरचे डबे चर्चमधल्या पिंपात रिकामे होतात आणि उपासनेनंतर गरजूंना धान्य मिळतं, मग ते कुठल्याही धर्माचे असोत. माझ्या पत्नीचं माहेर साताऱ्याकडचं. तिची आई म्हणायची, ही मूठ देवाची, ती नेणाऱ्याला काही विचारायचं नाही.

मी निवृत्त शिक्षक, मंडळीचा सेक्रेटरी. मला विचारल्याशिवाय राहवेना. धान्य घेणाऱ्यानं पुढं येऊन उभं राहावं, आपली अडचण सांगावी, मग सर्वांनी त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असा नियम मी केला. तो चांगलाच आहे असं मला मनापासून वाटत होतं.

घरी येताना पत्नी म्हणाली, "अहो, तुमची पेन्शन अडकली होती, तेव्हा तुम्हाला कुणी पुढं उभं केलं होतं का?"

"प्रार्थनेत काय वाईट आहे?"

"प्रार्थनेत काहीच नाही. प्रार्थना बसलेल्या माणसासाठीही करता येते."

पुढच्याच महिन्यात ती बाई आली. जतकडची, नवरा वारलेला, दोन मुलींना घेऊन इकडे बेदाणे निवडायच्या कामाला आलेली. मी तिला पुढं बोलावलं. ती जमिनीकडे बघून पुटपुटली, "मालक गेलं. पोरी हायत. गावाकडं पाऊस न्हाई."

मागून कुणीतरी म्हणालं, "ऐकू येत नाही."

मीही म्हणालो, "जरा मोठ्यानं बोला, बाई."

तिनं तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. प्रार्थना झाली. ती धान्य घेऊन गेली आणि परत कधी आली नाही. मंडळीच्या अहवालात मी लिहिलं, गरज संपली.

त्यानंतर आमच्या घरची ज्वारी लवकर सरायला लागली. मी एकदा पत्नीला विचारलं, "उंदीर झालेत का?"

"झालेत. दोन पायांचे," ती हसत म्हणाली. दर बुधवारी ती पिशवी घेऊन स्त्रीसभेला जायची. पिशवीत काय आहे, हे मी कधी विचारलं नाही.

चार वर्षांपूर्वी पत्नी गेली. कबरस्तानात माती देऊन झाली आणि ती जतकडची बाई गर्दीतून पुढं आली. सगळ्यांदेखत माझ्यासमोर हात जोडून म्हणाली, "गुरुजी, तुमच्या धान्यावर माझ्या पोरी वाढल्या. मास्तरीणबाई दर बुधवारी आणून द्यायच्या, गुरुजींनी पाठवलंय म्हणायच्या. मी तुमाला लय वंगाळ समजले व्हते, माफी करा."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी पाठवलं नाही, मला माहीतही नव्हतं, एवढंच बोलायचं होतं. मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

पत्नीनं माझं नाव का पुढं केलं, हे आता विचारता येत नाही. त्या बाईच्या मनात मी 'मोठ्यानं बोला' म्हणणारा माणूस म्हणून राहू नये, असं तिला वाटलं असावं. तिनं दोघांनाही दिलं. त्या बाईला धान्य, आणि मला न कमावलेलं नाव.

गेल्या महिन्यात मी शेडवर गेलो. ती बाई बेदाण्यातल्या काड्या काढत बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"मग मी मातीला आले, तवा का बोलला न्हाईत?"

"लाज वाटली."

"लाज मलाबी वाटली व्हती गुरुजी, चर्चात. पर मी बोलले न्हवं का? दोनदा बोलले."

शेजारच्या बाया निवडायचं सोडून ऐकत होत्या.

"आवं, सा वर्सं त्या माझ्या दारात आल्या," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "कवा कवा मी त्यास्नी बसा म्हनलं न्हाई. गुरुजींचा निरोप घिऊन आलेली बाई, एवढंच वाटायचं. हात जोडलं ते तुमाला जोडलं. त्यास्नी न्हाईच."

हे मी विचारातच घेतलं नव्हतं. चार वर्षं मला वाटत होतं की मी फक्त खोटी स्तुती घेतली. या बाईला जे द्यायचं होतं ते भलत्या माणसाकडे गेलं होतं, आणि आता ते घेणारी नव्हती. पाळकांना मी हे लिहिलेलं देणार आहे. त्यांनी ते रविवारी वाचून दाखवावं. पण त्यानं या बाईचं राहिलेलं देणं फिटत नाही.

मी निघालो, तेव्हा तिनं मागून विचारलं, "त्यांचं नाव काय व्हतं? मी मास्तरीणबाईच म्हनायचे."

मी सांगितलं. बायबलमधलं नाव, तिच्या जिभेला नवं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा थोडं चुकलं. मी दुरुस्त केलं नाही.