सहावी सळई

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि त्यातली बावीस सिस्टरनं चांदीच्या सळयांबरोबर संसार केला होता. भाजलेल्या मांसाचा मोठा तुकडा सुटू नये म्हणून जुन्या काळी श्रीमंतांच्या टेबलावर अशा सळया त्यात खुपसत. एका टोकाला अणी, दुसऱ्या टोकाला कडी. ज्या घरात साहेबांच्या दाढा काढल्यापासून पावसुद्धा दुधात बुडवून खावा लागत होता, त्या घरात असल्या पाच सळया मखमलीच्या पेटीत लोळत पडल्या होत्या. सोबतीला साखरेचे चिमटे, मिठाच्या बोटभर वाट्या आणि मोहरीचे चिमुकले चमचे. त्यांतल्या एकालाही कधी अन्न लागलं नव्हतं. सिस्टर मात्र जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यात ताट ठेवून जेवायची, कारण बाकीच्या टेबलावर भिंगं, फडकी आणि वह्या पसरलेल्या असायच्या.

साहेब म्हणजे तिचा नवरा. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला निरीक्षक. दुकानदारांची वजनं उलटी करकरून त्यांच्या बुडाखालचे शिक्के पाहण्यात त्याचा जन्म गेला, म्हणून गल्ली त्याला शिक्केसाहेब म्हणायची. चांदीलाही त्यानं तोच कायदा लावला. हजारात नऊशे पंचवीस भाग चांदी असल्याचा शिक्का हवा, घडवणाऱ्याची खूण हवी, घडल्याचं साल सांगणारं अक्षर हवं. एवढं जुळलं तरच वस्तू पेटीत जायची. सिस्टरनं तीस वर्षं वॉर्ड सांभाळला होता, पण एकाही रोग्याची इतकी बडदास्त तिनं पाहिली नव्हती. आणि एवढं करून पेटीतली चौथी जागा रिकामीच. मूळ संचात सळया होत्या सहा, लहानीपासून मोठीपर्यंत चढत्या मापाच्या, आणि चौथी कुठं गेली या काळजीत या माणसाचं आयुष्य चाललं होतं.

वॉर्डात उभं राहून राहून सिस्टरचा गुडघा मात्र पार गेला होता. सोमवारी ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "घरी परत याल तेव्हा बसायला उंच आणि घट्ट जागा पाहिजे. खोल रुतून बसलात तर उठता यायचं नाही, आणि जोर करून उठायला गेलात तर सगळं मुसळ केरात." घरातल्या सोफ्यात बसलं की गुडघे हनुवटीला लागत. म्हणून तिनं बुधवारी सोफेवाल्याला बोलावलं.

सोफेवाला म्हातारा, कमी बोलणारा आणि हाताचा सफाईदार. त्यानं जुनं कापड उसवलं, स्प्रिंगा नव्या सुतळीनं आवळून बांधल्या आणि वर काथ्या पसरला. काथ्या कोपऱ्यात सारायला त्याच्याकडे एक काळपट सळई होती. शिवताना ती खाली ठेवावी लागू नये म्हणून तिची कडी करंगळीत अडकवलेली.

साहेबांच्या हातातलं वर्तमानपत्र हळूहळू खाली आलं.

"ही कुठं मिळाली तुम्हाला?"

"वडिलांची," सोफेवाला म्हणाला. "चाळीस वर्षं माझ्या हातात आहे. दुसरी चालतच नाही मला."

"विकणार?"

"हात विकतं का कुणी, साहेब?"

तिथंच थांबायला हवं होतं. पण खात्री करून घेतल्याशिवाय थांबला तर तो निरीक्षक कसला! शिक्का अंगठ्यानं झिजून दिसेनासा झालेला. सोफेवाला आत चहा घेत होता तेवढ्यात साहेबांनी कानस काढली आणि आतून चांदी आहे का पाहायला सळईच्या मधोमध एक खाच पाडली. चांगली खोल. आतून पांढरीशुभ्र निघाली. साहेब खूश. खाचेवर काजळी चोळून त्यांनी सळई होती तिथं ठेवली.

गुरुवारी सोफेवाल्यानं उजव्या कोपऱ्यात काथ्या दाबून सळईवर भार दिला आणि तिचे दोन तुकडे झाले.

तुटलेलं टोक उजेडात धरून त्यानं खाच पाहिली, मग साहेबांकडे पाहिलं. दोन्ही तुकडे रुमालात बांधले, कात्री आणि सुया पिशवीत टाकल्या आणि तो चालता झाला. मागे सोफा आतडी बाहेर आल्यासारखा उघडा पडला होता.

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय मिळवलंत?"

"अगं, ती चौथीच होती! मापानं तंतोतंत. मला फक्त खात्री—"

"खात्री! बावीस वर्षं त्या लोखंडाची—"

"चांदीची."

"गप्प बसा! कुठल्या सालची, कुणी घडवली, सगळं तोंडपाठ तुम्हाला. सोमवारी माझा कुठला गुडघा कापणार आहेत, सांगा बरं."

साहेबांनी तिच्या दोन्ही गुडघ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं.

"डावा," ते म्हणाले.

एवढी वर्षं वैताग आला की ती तोंड सोडायची आणि मोकळी व्हायची. आज बोलावंसंच वाटेना. उजवा पाय ओढत ती स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसली. तिला फार एकटं वाटलं.

बाहेर कपाट उघडल्याचा आवाज आला, मग दाराचा. जाईनात का, तिनं मनाशी म्हटलं.

तासाभरानं दोघं परत आले. सोफेवाल्याच्या करंगळीत सहावी सळई होती, सगळ्यांत लांब, सगळ्यांत जड, पेटीतली सगळ्यांत देखणी.

"मी छोटी उचलत होतो," सोफेवाला सिस्टरला म्हणाला. "साहेबच म्हणाले, ती हाताला कमी पडेल, ही घ्या. हात बसायला वेळ लागेल, पण तुमचं काम शनिवारपर्यंत करून देतो."

शनिवारी दुपारी शेवटचा टाका पडला. साहेब त्या दोन दिवसांत सळईकडे पाहत नव्हते, निदान पाहत नसल्याचं दाखवत होते. सोफेवाला ती पिशवीत घालून गेला तेव्हा मात्र ते दारापर्यंत तिच्यामागे गेले, आणि सिस्टरला बरंच वाटलं. तिचा राग अजून गेला नव्हता.

"बसून बघ," ते म्हणाले.

ती बसली. बैठक घट्ट होती, उंच होती. साहेब कण्हत जमिनीवर बसले आणि तिच्या उजव्या गुडघ्यामागे चार बोटं घालून जागा किती उरते ते पाहू लागले. डाव्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"आता उठ." त्यांनी धडपडत उभं राहून तिचा हात धरला.

ती उठली. सहज उठली, आधाराची गरजच पडली नाही.

"उठले ना! सोडा आता," ती करवादली.

त्यांनी सोडला नाही. तिनंही ओढून घेतला नाही.