सुलोचनाताईंनी घाट चढवलेली लाल गाडी

सुलोचनाताईंचा आणि माझा परिचय झाला तो एका ट्रकखालून. नव्वदच्या दशकाची ती सुरुवात. वाशिंदच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी शहापुरात नुकताच लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, टाकला होता आणि काम मिळेल का हे विचारायला हायवेवरच्या त्यांच्या गॅरेजात गेलो होतो. ट्रकखालून फक्त चपला दिसत होत्या. मी नमस्कार केला तो त्या चपलांनाच. आतून आवाज आला, "चौदाचा पाना द्या जरा." मी पाना उचलला, त्यावरचं ग्रीस पुसलं आणि दिला. थोड्या वेळानं ताई बाहेर आल्या, खोचलेला पदर सोडत म्हणाल्या, "पुसून दिलात. उद्यापासून आमची लेथची कामं तुमच्याकडे." तेव्हापासून मी त्यांचा सहकारी आहे आणि त्याहून अधिक त्यांचा विद्यार्थी. त्यांच्या एकसष्टीच्या या गौरवग्रंथात लिहिण्याचा मान मला मिळाला, याचा मनापासून आनंद आहे.

गॅरेज त्यांच्या वडिलांचं, अण्णांचं. अण्णा गेल्यावर नातेवाइकांनी जागा विकायचा सल्ला दिला. ताईंनी दुसऱ्या दिवशी शटर उघडलं. त्यांचा एक नियम मी कधी मोडलेला पाहिला नाही: ब्रेक पुरे लागल्याशिवाय गाडी सोडायची नाही. एकदा नाशिककडे निघालेला एक ड्रायव्हर फार घाई करू लागला. ताईंनी किल्ली कमरेला खोचली. "परतताना घाट उतराल, तेव्हा मी काही तुमच्या शेजारी बसणार नाही. हात धुवा, भाकरी खा, तोवर होतंय." त्याला जेवायला वाढूनच त्या पुन्हा चाकाशी बसल्या.

गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक मोटार होती. इटलीत बनलेली, दोन माणसांपुरती, शर्यतीची. मुंबईच्या एका हौशी गृहस्थांनी परदेशी जाताना ती आपल्या आवडत्या मेकॅनिकला, म्हणजे अण्णांना, देऊन टाकली होती. मी पाहिली तेव्हा तिचा तळ गंजून गळून गेला होता, पत्र्यात बोट घातलं तर आरपार जात होतं आणि बॉनेटखाली इंजिनच नव्हतं. पुढे रस्ता रुंद होणार अशी बातमी आली. शेड जाणार हे ठरलं. भंगारवाला टेम्पो घेऊनच आला. ताईंनी ताडपत्री उचलली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं. मला म्हणाल्या, "ही चालत बाहेर निघेल. उचलून नाही."

इंजिन मुरबाड तालुक्यात, टोकावड्याकडे होतं. अण्णांनीच ते रॉकेलवर चालावं म्हणून जाड पॅकिंग घालून त्याचा जोर कमी केला होता आणि पांडुदादा नावाच्या शेतकऱ्याला ओढ्यावरच्या पंपासाठी दिलं होतं. आम्ही गेलो तेव्हा ते रॉकेलवर खोकत चालू होतं आणि दादांची भेंडी ऐन तोडणीला आली होती.

दादा आम्हाला पाहून उभेच राहिले. "तुमच्या बापानं दिलंय. आमी चोरलं नाय."

"चोरलं कोण म्हणतं, दादा? तुम्ही चालतं ठेवलंत म्हणून तर ते आज आहे."

"न्याल तर न्या. पन पानी तुटलं तं ही भेंडी दोन दिसांत सुकल, त्याचं काय?"

ताईंनी बांधावर बसून थोडा विचार केला. "आधी तुमचं पाणी. मग माझी गाडी." गॅरेजातलं एक डिझेल इंजिन त्यांनी पुरं खोलून नव्यासारखं केलं, टेम्पोतून आणलं, स्वतः पंपाला जोडलं. पाणी पाटानं शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचलं, तेव्हा दादांनीच इटलीच्या इंजिनाचे बोल्ट सैल करायला घेतले.

पुढची दोनेक वर्षं आमच्या दोघांच्या आयुष्यातली सगळ्यात कष्टाची आणि सगळ्यात सुखाची. ट्रकची कामं आटोपली की ताई वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकत बसत. मी पिना, बुश, स्पिंडल कातून देई. मध्येच माझ्या पत्नीचं कल्याणला ऑपरेशन झालं. मी परतलो तर माझं एकही गिऱ्हाईक तुटलं नव्हतं. ताई माझ्या लेथवर उभ्या राहून माझी कामं करत होत्या. आभार मानले तर म्हणाल्या, "तुमचा लेथ थोडा डावीकडे खातो. बघून घ्या."

मग इंजिन पहिल्यांदा सुरू झालं आणि क्षणात पाणी गळू लागलं. इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या झाकणाला, चीर होती. अ‍ॅल्युमिनियमचं हेड, वाशिंदच्या एका निवृत्त वेल्डरनी ती भरली, तर थंड होताना चीर आणखी पुढे सरकली. त्या दिवशी मी ताईंचे डोळे भरलेले पाहिले. "आता दुसरं हेड कुठून आणायचं?" एवढंच त्या बोलल्या.

दोन-तीन दिवस त्यांनी गाडीचं नाव काढलं नाही. मग एका सकाळी मला थेट बाजारातल्या बेकरीवर बोलावलं. "एका जागी तापतंय म्हणून फाटतंय. सगळं हेड सारखं तापवायचं आणि गरम असतानाच भरायचं. भट्टी हवी."

बेकरीवाले घाबरले. "ताई, पावाला ऑइलचा वास लागला, तर गिऱ्हाईक मलाच भाजून काढंल!"

ताईंनी हेड साबणानं तीनदा घासून त्यांच्या नाकाशी धरलं. तेव्हा कुठे ते हसले. पाव निघाल्यावर उरलेल्या आचेत हेड गेलं. वेल्डरनी आपलं मशीन बेकरीच्या दारातच लावलं. भरलेलं हेड पुन्हा भट्टीत ठेवून सावकाश निवू दिलं. संध्याकाळी ताईंनी त्यात पाणी भरून दाब दिला. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. थेंब नाही. बेकरीवाल्यांनी सगळ्यांना खारी वाटली.

रीतसर परवानगी काढून, थंडीतल्या एका रविवारी, ती लाल गाडी स्वतःच्या चाकांवर शेडबाहेर आली. शेजारच्या आसनावर ताईंनी पांडुदादांना बसवलं. मी मागून जीपमध्ये. कसारा सोडलं आणि घाट लागला. पहिल्या वळणावर ताईंनी गिअर खाली घेतला, आणि तो आवाज डोंगरावर आपटून असा परत आला, की चढावरच्या ट्रकवाल्यांनी गाड्या बाजूला घेऊन हॉर्न वाजवले. शहापूरच्या रस्त्यावरचे ते सगळे ताईंना ओळखत होते. एकजण खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "ताई, वेग सोडू नका!" ताईंनी सोडला नाही. माझी जीप केव्हाच मागे पडली.

वर पोचलो तर गाडी ऐटीत उभी, पाण्याच्या तापमानाचा काटा जागच्या जागी आणि दादांचं पागोटं गळ्यात आलेलं. दादा इंजिनाकडे बोट दाखवून म्हणत होते, "माझ्या भेंडीला पानी द्याचं, तवा असं वरडलं नाय गो कदी!" ताई इतक्या हसल्या, की त्यांना बॉनेटला टेकावं लागलं. मी त्यांच्या हातात हात दिला.

या ग्रंथाचं ठरलं तेव्हा समितीचे लोक विचारायला गेले. ताई म्हणाल्या, "सत्कार करा, पण दुपारी लवकर सोडा. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स उघडा पडलाय." ताई, आपल्या हातांना असंच बळ राहो, गुडघे कुरकुर न करोत, नजर अशीच बारीक राहो. आपण शंभरी गाठावी आणि त्या दिवशीही सत्काराला उशिरा यावं, कारण कुणाची तरी गाडी अजून पुरी झालेली नसेल. आम्ही हार घेऊन थांबू.