बापट मास्तरांचा काळा दगड

२ मे १९३६. दुपारी बापट मास्तरांचं काचेचं कपाट रिकामं करायला घेतलं. मास्तर माघात गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुतण्या बैलगाडी घेऊन येणार होता. वस्तू त्याच्या, तेव्हा द्यायच्याच. तरी मधल्या फळीवरच्या एका दगडापाशी हात अडत होता. सुशी, माझी एकुलती मुलगी, बाळंतपणाला आली होती आणि तिचे दिवस भरत आले होते.

मास्तर आमच्या ओटीलगतच्या खोलीत नऊ वर्षं भाड्याने राहिले. शाळेत शास्त्र शिकवत. पहिल्या दिवशी पेटी उघडली, तर धोतरांच्या घड्यांत दगड झालेले शिंपले. काही कच्छहून गलबतावर आलेले, काही कुणाकुणाकडून मागितलेले. लोक ओटीवर तसबिरी लावतात, यांनी शिंपले मांडले. आल्यागेल्याला सांगत, "हात लावा, चावायचे नाहीत. मरून पुष्कळ दिवस झाले."

पुसायचं काम माझ्याकडे आलं. त्यांत एक काळा, गुळगुळीत, चक्रासारख्या वळ्यांचा होता. तोही मी दोन वर्षं फडक्याने पुसला.

मग सुशीला विषमज्वर झाला. ती तेव्हा अकरा वर्षांची. हे नोकरीला मुंबईत. मदतीला देवरुखहून माझी नणंद आली. बाराव्या दिवशी सुशी मला ओळखेना. डॉक्टर म्हणाले, वाट पाहा. त्याच दिवशी वन्सं कपाटापुढे थबकल्या.

"हा शाळिग्राम गो. बायकांनी शिवायचा नाही, बिनपूजेचा ठेवायचा नाही. आणि तू फडकं मारतेस?"

मी असलं काही मानणारी नाही. पण त्या क्षणापासून मला माझ्याच हातांची भीती वाटू लागली. सुशीच्या कपाळावरची पट्टी बदलायची, तर हात पुढे होईना. वन्सं बदलत होत्या. मी उंबऱ्याशी बसून पोरीची छाती वरखाली होते की नाही तेवढं पाहत होते.

मास्तरांना सांगितलं. वाटलं, हसतील. देवधर्मावर टोमणे मारायची त्यांना सवयच होती. त्यांनी एवढंच विचारलं, की दगड दुसरीकडे नेऊ का. वन्सं म्हणाल्या, नेलात तर आणखी कोप व्हायचा. मास्तर माझ्याकडे वळले.

"वहिनी, दगड माझा, भीती तुमची. दोघं एका घरात आहेत, तर त्यांची सोय लावली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी रहाटाचा आवाज आला. मास्तर ओल्या धोतराने ओटीवर आले. गळ्यात पेटीच्या तळातून काढलेलं, पिवळं पडलेलं जानवं. दगडाला स्नान, वर तुळस, पुढे दुधाची वाटी. मंत्र निम्मे विसरलेले. वन्सं दाराआडून सांगत आणि चुकलं की खाकरत. पूजा उरकून ते मला म्हणाले, "माझं काम झालं. आता तुमचं. पट्टी घ्या."

मी पट्टी घेतली.

असं रोज चाललं. बाविसाव्या दिवशी ताप उतरला, सुशीने पेज मागितली. वन्सं म्हणाल्या, पावला. मास्तर जानवं पेटीत ठेवत होते. "या तापाची मुदतच तीन आठवड्यांची, ताई. पण श्रेय त्याला द्यायला माझी हरकत नाही." मग त्यांनी फडकं माझ्यापुढे केलं. मी बाकीचे शिंपले पुसले, तो नाही. तेव्हापासून तो मास्तरच पुसत. त्यावरून मला एका शब्दाने कधी चिडवलं नाही.

कपाट रिकामं केलं त्या दुपारी मी सगळे शिंपले खोक्यात भाताच्या तुसात नीट भरले. तो दगड शेवटी, पदराने धरून. आतल्या खोलीत सुशी कण्हली. नुसती कूस बदलत होती.

सकाळी कपाट आणि खोका गाडीत चढवला. पुतण्याला चहा दिला, निरोप दिला. गाडी वळणाला लागली आणि मी अनवाणीच धावले. गाडी थांबवून म्हटलं, "तो काळा तेवढा राहू दे. सुशी सुटेपर्यंत."

पुतण्या खाली उतरला आणि तुसात हात घालून शोधू लागला. तोही हसला नाही.