साट्याची वहिनी

आमच्या अंगणात एकाच मांडवाखाली दोन लग्नं लागली, तेव्हा मी बारा वर्षांची होते. सकाळी ताईचं, दुपारी भावाचं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, विहिरीला पाणी आलं होतं आणि वाशीमच्या वेशीबाहेरचा आमचा भाजीचा मळा पुन्हा हिरवा झाला होता. ताईच्या मानेवर लहानपणी सांडलेल्या उकळत्या दुधाचा डाग होता. पदर कितीही ओढला तरी तो पाण्याखालच्या पानासारखा दिसत राही. तिला पाहायला तीन ठिकाणची माणसं आली, पोहे खाऊन गेली, आणि कुणाचाच निरोप आला नाही. चौथं स्थळ अनसिंगच्या पलीकडच्या एका खेड्यातलं होतं. त्यांनी डागाचं नावही काढलं नाही, कारण त्यांनाही एक मुलगी उजवायची होती. तुमची आम्ही करतो, आमची तुम्ही करा. याला आमच्याकडे साटंलोटं म्हणतात.

भाऊ तेव्हा कॉलेजात होता. त्याच्या वर्गातली, बौद्ध घरातली एक मुलगी त्याच्या मनात होती. हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीही ते उच्चारत नव्हतं. वडिलांनी त्याला एवढंच सांगितलं, "तू नाई म्हनशीन, त तुही बहीण जलमभर याच घरात राहीन." भाऊ दिवसभर पाटाच्या कडेला बसून राहिला. चौथ्या दिवशी त्याला हळद लागली. त्या हळदीखाली त्याचा चेहरा मला वाळलेल्या मातीच्या पापुद्र्यासारखा वाटला होता.

ताई गेली आणि तिच्या जागी तिची नणंद आमच्या घरात राहिली. ती माझी वहिनी. सतरा वर्षांची, सडपातळ, हसताना तोंडावर हात नेणारी. बाजाराच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी निंबाच्या सावलीत जुड्या बांधायला बसायचो. मेथी, पालक आणि सांबार. कोथिंबिरीला आमच्या भागात सांबारच म्हणतात. भिजवलेल्या अंबाडीच्या वाखाचा एक वेढा, एक पीळ, आणि तिची जुडी ताठ उभी राही. माझी मात्र कलंडायची.

"बाई, तुमची जुडी पाहा. वरातीतल्या मानसावानी झिंगून राह्यली," ती म्हणे. बोटांना चढलेला सांबाराचा वास रात्री पांघरुणातही येई, आणि त्या वासात मला ती ताईइतकीच आपली वाटे.

दिवाळीच्या सुमारास भावानं तिच्यावर पहिल्यांदा हात उचलला. वरणात मीठ कमी होतं, कारण तेवढंच. ओलं लुगडं दगडावर आपटावं तसा आवाज झाला. तिनं सांडलेलं वरण पुसलं, ताट उचललं आणि ती आत गेली. मी रडू लागले, तशी आईनं माझा दंड धरला.

"चूप राय. हे घराच्या भायेर गेलं नाई पायजे. तिकडं तुही बहीण हाय."

आई लाजेबद्दल बोलते आहे असं मला वाटलं. तिकडे समजलं तर ताईला मान खाली घालावी लागेल, एवढाच अर्थ मी लावला. खरा अर्थ मला कुणी सांगितला नाही. तो घरात सगळ्यांना इतका ठाऊक होता की सांगायची गरजच कुणाला वाटली नसावी.

पौषातल्या एका बाजाराच्या सकाळी भावानं वहिनीचा हात पिरगाळला. बांगड्या फुटल्या, कानाखाली गाल सुजला, आणि आदल्या दुपारच्या राहिलेल्या जुड्या तिला बांधता येईनात. त्या मी बांधल्या आणि वडिलांबरोबर बाजारात गेले. वडील चहाला उठले असताना ताईचा नवरा आमच्या पथारीपाशी आला. माझे भाऊजी, वहिनीचा सख्खा भाऊ. शांत माणूस, चढ्या आवाजात कधी न बोलणारा.

"काय वं साळीबाई, मुळ्याइतकी लांब झाली तू! माही बहीण कशी हाय?"

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी बहिणीची बाजू घ्यावी, घरी येऊन चार शब्द सुनवावेत, एवढीच माझी अपेक्षा होती.

"कुठं कुठं लागलं?" त्यांनी विचारलं.

"कानाखाली. अन् मनगट पिरगाळलं. उजवं."

त्यांनी एका मुळ्यावरची माती अंगठ्यानं पुसली. "बांगड्या किती फुटल्या?"

"तीन."

"शायनी हायेस तू," ते म्हणाले आणि फुटाण्यांचा पुडा माझ्या हातात ठेवून गेले. फुटाणे गरम होते, खारट होते. मी ते घरापर्यंत पुरवून पुरवून खाल्ले.

भाऊजी आमच्या घरी आलेच नाहीत. संक्रांतीला ताई आली. हळदीकुंकवाचं वाण घेताना तिनं डावा हात पुढे केला, तेव्हा आईनं तिचा उजवा हात पदराखालून ओढून काढला. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं.

"ते रागात नव्हते, आई," ताई म्हणाली. "जेवन झालं काय, असं इचारलं. मंग म्हनले, हात दे. तीन बांगड्या मोजून फोडल्या. कानाखाली बी एक देल्ली. अन् म्हनले, आता बराबर झालं."

"मी सांगतलं भाऊजीले," मी म्हणाले. माझा आवाज मला लांबून ऐकू आला.

ताईनं माझ्याकडे पाहिलं. "तुले काय मालूम होतं," ती म्हणाली. तिनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

वडिलांनी भावाला आत बोलावलं आणि ताईचं मनगट त्याच्यासमोर धरलं. "पाह्य. हा तुहाच हात हाय." भाऊ उंबऱ्यापाशी खाली बसला. पुढे काही महिने त्यानं वहिनीवर हात उचलला नाही. भावकीतल्या वडीलधाऱ्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी माना डोलावल्या. साट्याचं हेच बरं असते, धाक राह्यते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

ताई परत जाण्याच्या आदल्या दुपारी आम्ही तिघी जुड्या बांधत होतो. वहिनी मान वर न करता बोलली, "ताई, आता इकडून तिकडं काई जानार नाई. मी पडली, मी घसरली, मले ताप आला. बाई, आयकलं काय? तुमाले बी एवढंच मालूम हाय."

"अन् तुमाले मारलं त?" ताईनं विचारलं.

"दोघीनं खाल्ल्यापेक्षा एकीनं खाल्लेला बरा."

ताईनं नाही म्हणायला हवं होतं, असं मला पुढे अनेक वर्षं वाटत राहिलं. तिनं पुढची जुडी बांधायला घेतली. तिला दिवस गेले होते.

भावाला या कराराबद्दल कुणीच बोललं नाही. पण दर बाजाराला इकडून 'बरं हाय' जाऊ लागलं आणि तिकडूनही 'बरं हाय' येऊ लागलं, तेव्हा त्याचं त्यालाच उमगलं असावं. त्याला असलेला धाक गेला आणि त्याचा हात पुन्हा उठू लागला. ज्येष्ठात वहिनीला चौथा महिना होता. मी मळ्यात भाकरी घेऊन गेले, तर इंजिनाच्या खोलीतून आवाज आला. आत डिझेलचा दाट वास होता. ती भिंतीशी मुटकुळं करून पडली होती आणि स्वतःचंच तोंड दोन्ही हातांनी दाबून धरत होती. आपला आवाज ती माझ्यापासूनही लपवत होती.

दिवेलागणीला तिचं पोट रिकामं झालं होतं. विहिरीच्या पायरीवरून घसरली, असं आईनं शेजारी सांगितलं. पुढच्या बाजारात भाऊजींनी नेहमीचा प्रश्न विचारला, तेव्हा मी म्हणाले, "वयनीले ताप हाय." त्यांनी बहिणीसाठी मोसंब्या दिल्या. वहिनीनं त्या सोलून मला खाऊ घातल्या.

पहिलं बाळंतपण माहेरीच, म्हणून ताई आमच्याकडे आली. भाद्रपदात तिला मुलगा झाला आणि बाराव्या दिवशी बारसं ठरलं. कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, म्हणजे वहिनीचा. भाऊजी पाहुण्यांत बसले होते. बहीण पाळण्याशी आली तसे ते म्हणाले, "काहून एवढी वाळली तू? बरी हायेस ना?"

वडिलांचा पानाला चुना लावणारा हात थांबला. भाऊ जमिनीकडे पाहत होता. बाजेवर ताईनं गोधडीचं टोक मुठीत घेतलं.

"बरी हाय, दादा," वहिनी हसून म्हणाली. "उनाच्यानं वाळली. कायले फिकर करतं?"

मग ती पाळण्यावर वाकली. आत्यानं कानात नाव सांगितलं की बायकांनी तिच्या पाठीत बुक्के मारायचे, ही आमच्याकडची गंमत. बायका हसत तिच्यावर तुटून पडल्या. तिच्या पोलक्याखाली पाठीवर काय होतं ते घरातल्या आम्हां पाच जणांना माहीत होतं. बाळाच्या कानाशी ओठ नेऊन ती सावकाश, स्पष्ट नाव सांगत राहिली.

"मार वं पोरी, तुही वयनी हाय!" कुणीतरी मला पुढे ढकललं. भाऊजी हसत माझ्याकडे पाहत होते.

मी मूठ उचलली आणि मारली.