सोनारीची ब्लूबेरी आणि राहून गेलेली फांदी

फोन अण्णांचा होता. "ताई, तुमी एकदा येऊन बगा. कळी धरली का न्हाय, आमाला काय कळंना."

अण्णा म्हणजे प्रवीणचे वडील. प्रवीण आणि मी पुण्यात एकाच प्रयोगशाळेत ब्लूबेरीच्या फुलण्यावर काम करायचो. झाडाला फुलायला कोणतं जनुक सांगतं, कोणतं अडवून धरतं, असलं काम. गेल्या शिमग्याच्या आधी प्रवीण आजारपणात गेला. सोनारीच्या मळ्यात त्याने ब्लूबेरीची चार झाडं लावली होती. वर्षश्राद्धाला त्यातलं एक तरी फूल त्याच्या फोटोला वाहायचं, असं काकूंनी, त्याच्या आईने, मनात धरलं होतं. त्या फुलासाठी मी निघाले. (नावं बदलली आहेत. काकू हे वाचणार नाहीत, त्यांचा फोन साधा आहे.)

जानेवारीतल्या एका शनिवारी पहाटे स्वारगेटहून परंड्याची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे गाडी भरलेली. खिडकी हवी असेल तर लवकर जा. टेंभुर्णीपर्यंत रस्ता झकास आहे, पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगत जायची तयारी ठेवा. कुर्डुवाडीला चहा मिळाला. इतका गोड की चमचा उभा राहावा. प्रवीण असता तर माझा अर्धा कप त्यानेच संपवला असता. प्रवासभर असंच चाललं होतं, जे दिसेल त्यात तो. मला त्याची फार आठवण येत होती आणि शेजारच्या बाई मला शेंगा सोलून देत होत्या.

परंड्याला उतरलात तर किल्ला चुकवू नका. तोफा जागच्या जागी आहेत, आणि गर्दी नसल्यामुळे निवांत बघता येतात. मी अर्धा तास फिरले, मग वडापच्या, माणसं भरली की सुटणाऱ्या जीपने सोनारी. काळभैरवाच्या देवळाजवळ माकडं लई, नारळ पिशवीत खोल ठेवा. माझा ठेवला नव्हता. पायरीवर बसून एका माकडाने तो माझ्यासमोर फोडला.

"देवाला पोचला म्हना," मागून अण्णा म्हणाले. ते मोटरसायकल घेऊन आले होते. वर्षभरात पार वाळले होते.

मळ्यात त्यांची द्राक्षबाग आहे, मण्यांत पाणी भरत होतं. विहिरीजवळ चार मोठे ड्रम. काळ्या चुनखडीच्या रानात ब्लूबेरी जगत नाही, म्हणून प्रवीणने ती ड्रममध्ये नारळाच्या भुश्शात लावली होती. वरून माकडांसाठी जाळी. झाडं हिरवी, तजेलदार, आणि सगळी एका उंचीवर नीट कापलेली.

"छाटली कधी?" मी विचारलं.

"दिवाळी झाल्यावर. द्राक्षाची उरकली की लगेच हेची. पयल्या साली प्रवीणनंच शेंडे खुडले होते, तवा म्या बघितलं."

पहिल्या वर्षी रोप कोवळं असतं, म्हणून फुलाचे शेंडे खुडतात, आधी मुळं धरू दे म्हणून. प्रवीणने तेच केलं होतं. अण्णांनी त्यात छाटणी पाहिली, कारण आयुष्यभर त्यांनी द्राक्ष पाहिलंय. द्राक्षाचा घड काडीच्या डोळ्यात, म्हणजे पेरावरच्या कोंबात, आधीच असतो. वरची काडी कापली की डोळा फुटतो, घड बाहेर येतो. ब्लूबेरीचं उलटं. पावसाळा सरून दिवस लहान झाले की पानांतलं एक जनुक जागं होतं, त्याचा निरोप फांदीच्या टोकाला जातो आणि तिथे फुलाची कळी बसते. मग ती झोपते, आपल्या वाट्याची थंडी खाते आणि उमलते. प्रवीणने मुद्दाम थोड्या थंडीत भागणारी जात निवडली होती, आपल्या गावासाठी. आणि अण्णा दिवाळीनंतर टोकंच कापत होते.

जेवायला काकूंनी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि आधी हुरडा दिला. "खा माय, त्येला लई आवडायचा." पडवीच्या आढ्याला काटक्यांच्या दोन जुड्या टांगलेल्या होत्या. मी बघतेय हे पाहून काकू म्हणाल्या, "त्येच्या झाडाचं हाय. चुलीत घालवंना. ही औंदाची, ती गेल्या सालची."

हात धुताना मी जवळ जाऊन पाहिलं. पानाची कळी बारीक, टोकदार असते. फुलाची फुगीर, गोल. दोन्ही जुड्यांमध्ये जवळपास प्रत्येक काटकीच्या टोकाला गोल कळ्या होत्या, वाळून तपकिरी झालेल्या. गेल्या सालच्या जुडीत तर जास्तच.

मागच्या हिवाळ्यात प्रवीण पुण्याच्या दवाखान्यात होता. रोज फोनवर एकच विचारायचा, "अण्णा, कळी आली का?" अण्णा रोज म्हणायचे, "यील की."

दुपारी पुन्हा झाडांपाशी गेलो. विहिरीच्या बाजूला एक फांदी जाळीतून बाहेर निसटली होती, कात्रीच्या तावडीतून सुटलेली. तिच्या टोकाला पाच-सहा गोल कळ्या. मी अण्णांना दाखवल्या. त्यांनी बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

"पुढच्या साली छाटू नका," मी म्हणाले, "या जातीला मानवत नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. "मग गेल्या साली का आलं न्हाय? पोरानं बघावं म्हनून म्या जरा खोलच छाटली होती. म्हनलं, लई फुटंल."

"गेल्या साली थंडीच पडली नाही, अण्णा. थंडीशिवाय फुलत नाही ते."

"व्हय?"

"हो."

त्यांनी मान हलवली. जाळी मात्र पुन्हा बांधली नाही, त्या फांदीभोवती हाताने मोकळी केली.

रविवारी परतले. जायचं असेल तर जानेवारीच बरा, हुरडाही मिळतो आणि ऊनही सोसतं. पण माझ्याबरोबर काय आलं विचाराल, तर मनात त्या दोन जुड्या. प्रयोगशाळेत फुलाचं जनुक तपासताना मी आता शेंडा कापते तेव्हा हात अडतो.

फेब्रुवारीत, वर्षश्राद्धाच्या दोन दिवस आधी, अण्णांचा फोन आला.

"ताई, आलं फूल. पांढरं, बारकं, घुंगरावानी. त्या जाळीतनं सुटलेल्या फांदीला. बाकीच्यांना एक न्हाय."

"छान झालं, अण्णा."

मग त्यांनी आवाज खाली आणला.

"गेल्या साली थंडी होती, ताई. दवाखान्यात पोराला म्या माजी कानटोपी घातली होती."

मला रडू फुटलं. तेवढ्यात काकूंनी फोन ओढून घेतला. त्यांचा आवाज वर्षभरात पहिल्यांदा मोकळा वाटला.

"आलं बग माय! यांनी येवढ्या मायेनं छाटलं, त्येचं आलं. फुडल्या साली अजून चांगली छाटा म्हनावं यांना. तू सांग, तुजं ऐकत्यात."

अण्णा शेजारीच उभे होते. मी म्हणाले, "सांगते, काकू."