डब्यातली शेवटची वडी

लिंडालच्या शाळेत शिकलेला माणूस आर्लिस नायगार्डचं नाव निघालं की आधी पोटावरून हात फिरवतो आणि मग बोलायला लागतो. अमेरिकेत मिनेसोटातल्या या गावात शाळेच्या स्वयंपाकघरातून तिनं बापांनाही वाढलं आणि त्यांच्या पोरांनाही. खिम्यावर बटाट्याच्या गोळ्यांचा थर लावून भाजलेलं तिचं हॉटडिश खाऊन मोठे झालेले लोक आता पंचायतीत बसतात, दूध डेअरी चालवतात आणि शाळेत काही कार्यक्रम निघाला की जेवणाच्या वेळेलाच उगवतात. लग्न तिनं केलं नाही. का केलं नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही.

त्याचं काय आहे, आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की लगेच घ्यायचं नसतं. पहिला नकार रीतीचा, दुसरा नकार संस्काराचा. तिसऱ्यांदा विचारलं की "बरं, एवढं म्हणताय तर" असं पुटपुटत घ्यायचं. तिसऱ्यांदाही नको म्हटलं तर ते खरं नको, पुढे विचारणं म्हणजे अंगावर येणं. आर्लिस आठ भावंडांतली थोरली. आईच्या हाताखाली वाढप करता करता तिला नको म्हणायची अशी सवय लागली, की तिचा तिसरा नकारही न थांबता बाहेर पडे. मिल्टन एंगेब्रेट्सन नावाच्या भल्या माणसानं तिला लग्नाचं तीनदा विचारलं. तीनदा नको ऐकल्यावर तो सभ्य माणूस टोपी घालून निघून गेला. त्याच्या लग्नाचं जेवण आर्लिसनंच रांधलं. चांगलं झालं होतं म्हणतात.

आणि ताटातला शेवटचा तुकडा? तो तर आमच्याकडे कुणीच उचलत नाही. एकजण अर्धा कापून घेतो, दुसरा उरलेल्याचा अर्धा घेतो, असं करत शेवटी नखाएवढा तुकडा उरतो आणि सकाळी चिमण्यांच्या नशिबी जातो. आर्लिस तर तो नखाएवढाही घेत नसे.

अशा बाईच्या स्वयंपाकघराच्या दारात एक दिवस होदान उभी राहिली. होदानचे आईवडील सोमालियातून आलेले, बाप टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात कामाला. पोरगी शाळेच्या विज्ञान मंडळाची पुढारी होती. राज्यात दरवर्षी एक स्पर्धा होते. साधं एक काम, यंदाचं म्हणजे घंटा वाजवणं, ते शक्य तितक्या उलट्या वाटेनं करणारं यंत्र बांधायचं. हे पडलं की ते उडतं, ते उडलं की तिसरं ओततं. लिंडालची पोरं दोन वर्षं पहिल्याच फेरीत घरी आली होती. होदान आणि तिचे दोघे सोबती, एरिक आणि गुन्नार, यांचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष होतं.

"मिस आर्लिस, आम्हाला जागा हवीय. तुमच्या स्वयंपाकघरात बांधू यंत्र? आणि तुम्ही मदत कराल?"

"छे गं, मला काय कळतं त्यातलं."

"तुम्हाला सगळ्या वस्तू माहीत आहेत."

"नको बाई, दुसरं कुणी बघा."

"दुसरं कुणी नकोय."

"नको, खरंच नको."

एरिक आणि गुन्नार वळले. तिसरं नको झालं होतं, विषय संपला होता. होदान मात्र जागची हलली नाही. तिच्या घरी पाहुण्यानं नको म्हणायचं आणि आईनं ताटात वाढतच राहायचं, अशी रीत. मोजतंय कोण?

"मग उद्यापासून येऊ ना?" तिनं हसून चौथ्यांदा विचारलं.

आर्लिसला चौथ्यांदा कुणी कधी काही विचारलंच नव्हतं. चौथा नकार तिच्यापाशी तयारच नव्हता. ती म्हणाली, "भांडी घासून झाल्यावर या."

मग त्या स्वयंपाकघरात जो धुमाकूळ सुरू झाला तो काय सांगावा! पळ्यांची पन्हळ झाली, तिच्यातून गोटी धावायला लागली. जेवणाचे ट्रे रांगेत उभे राहिले, एकानं दुसऱ्याला ढकललं की धडाधड आडवे. किटलीतलं पाणी मापात, माप जड झालं की उंदराचा सापळा सुटणार, सापळ्यानं दोरी ओढली की शेवटी जेवणाची जुनी पितळी घंटा. गुन्नारचं बोट सापळ्यात सापडलं तेव्हा आर्लिस म्हणाली, "उंदरांना जे कळतं ते तुला कधी कळणार रे?" पोरं हसली. आपण पोरांना हसवू शकतो हे तिला त्या दिवशी नव्यानं कळलं.

सुरुवात कशानं करायची यावर मात्र गाडी अडली होती. तेव्हा आर्लिसच बोलली, "माझ्या रुबार्बच्या आंबट देठांच्या वड्यांचा डबा काट्यावर ठेवा. शेवटची वडी उचलली की डबा हलका होईल, पारडं वर जाईल, गोटी सुटेल." पोरं खूश झाली. उगाच धक्क्यानं सुटू नये म्हणून होदाननं काटा असा बसवला, की डबा साफ रिकामा झाला तरच हलेल. सरावाला वडीऐवजी लाकडाचा ठोकळा ठेवत, कारण दर खेपेला नवी वडी कोण भाजणार. ठोकळा कुणीही उचलतं. त्यात लाज कसली?

स्पर्धेला चला म्हणून होदाननं विचारलं, तेव्हाही आर्लिसनं तीनदा नको म्हटलं. चौथ्यांदा विचारल्यावर ठेवणीतला कोट काढला.

मोठ्या दालनात कितीतरी यंत्रं मांडली होती. नियम सोपा होता. सुरुवात परीक्षकानं करायची किंवा संघाबाहेरच्या कुणी. संघातल्या कुणाचा हात लागला की गुण गेले. आणि घड्याळ एकदा लावलं की थांबत नाही.

लिंडालचा नंबर आला. परीक्षक बाई शेजारच्याच तालुक्यातल्या, गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या. होदान म्हणाली, "बाई, ही शेवटची वडी घ्या, म्हणजे यंत्र सुरू होईल."

"अगं नको, आत्ताच जेवले," बाई म्हणाल्या.

घड्याळ लागलं होतं. "घ्या ना!"

"तुम्हा पोरांना राहू दे गं."

"प्लीज, घ्या!"

"बरं, एवढं म्हणतेस तर." आणि बाईंनी शेजारची सुरी उचलून वडीचे नीट दोन भाग केले, अर्धी वडी तोंडात टाकली आणि अर्धी सभ्यपणे डब्यात ठेवली.

काटा हलला नाही. बाईंच्या लक्षातही आलं नाही, त्या वडीची तारीफ करत होत्या. दुसरे परीक्षक पुढे आले, उंच, म्हातारे. त्यांनी उरलेल्या अर्ध्याचं अर्धं कापून खाल्लं. कल्पना आर्लिसची, वडी तिची आणि तुकडाही तिच्याच लोकांनी ठेवलेला. सगळ्या राज्यात शेवटची वडी उचलायला लाजणारे लोक भरलेत, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तिनंच पोरांना हे सुचवलं होतं. एरिकनं डोकं धरलं. गुन्नारचा हात पुढे गेला आणि होदाननं तो मागे ओढला.

मग ती प्रेक्षकांकडे वळून ओरडली, "एड्डो! तुम्ही या!" त्यांच्या भाषेत आत्याला एड्डो म्हणतात. आर्लिसला तिनं आजवर कधी तसं म्हटलं नव्हतं.

आर्लिस पायऱ्या उतरून कशीबशी काट्यापाशी आली. डब्यात पाव वडी होती.

"घ्या."

"अगं, मी कशी..."

"घ्या ना!"

"नको गं, लोक बघतायत."

"एड्डो, वेळ संपतोय."

"नको." सवयीनंच निघालं ते. तीन नकार ऐकून तिथल्या प्रत्येकाला विषय संपल्यासारखं वाटलं असणार.

होदान तिच्याकडे बघून हसली, जशी पहिल्या दिवशी दारात हसली होती. "घ्या," ती चौथ्यांदा म्हणाली.

आर्लिसनं वडी उचलली आणि सगळ्यांच्या देखत खाल्ली. आपली वडी इतकी चांगली लागते हे तिला माहीत नव्हतं. पारडं वर गेलं, गोटी सुटली, ट्रे आडवे झाले, पाणी पडलं, सापळा खटकन मिटला आणि वेळ संपता संपता तिचीच घंटा घणघणली. पोरं तिच्या गळ्यात पडली तेव्हा तिच्या तोंडात अजून घास होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

लिंडालचा दुसरा नंबर आला. पुढच्या फेरीत जायला तेवढा पुरे होता. पोरं तिचे आभार मानत राहिली आणि ती मनात होदानचे. जन्मभर लोकांनी तिचा मान राखला होता, त्याबद्दल तिची कुणाविषयी तक्रार नव्हती. पण मान न राखता जागेवर उभं राहणारं कुणीतरी भेटलं, हे केवढं नशीब, असं तिला वाटलं.

परतताना बसमध्ये होदानच्या आईनं दिलेला संबुशांचा डबा फिरला. खिम्याचे, समोशासारखे कुरकुरीत, अजून कोमट. फिरत फिरत डबा आर्लिसपाशी आला तेव्हा त्यात एकच उरला होता. एरिकनं सवयीनं खिडकीबाहेर पाहिलं, गुन्नारनं खिशात सुरी चाचपली.

होदाननं विचारायला तोंड उघडलं. तोवर आर्लिसनं संबुसा उचलला होता. अख्खा.