शेवटची चौदा पानं

"तो येत नाही!"

"येतो गं मावशी. दारात उभा आहे म्हणून लिहिलंय. हातात अबोलीचा गजरा."

"गजरा? साठीचा बाप्या गजरा घेऊन येतो? बाईंनी असलं कधी लिहिलं नाही."

"आता लिहिलं. म्हातारपणी मऊ झाल्या असतील."

"म्हातारपणी कोणी मऊ होत नाही, मला विचार. नीट बघ, पान सुटलं असेल."

"नाही सुटलं! विश्वास नसेल तर घे, तूच वाच ना!"

बोलून गेली आणि तेजलने जीभ चावली. साखरेने शकुमावशीची नजर नेली त्याला दीड वर्ष झालं होतं. उजेड-अंधार कळायचा, अक्षर नाही. तरी शकुने पुस्तक हातात घेतलं, पानावरून अंगठा फिरवला आणि मिटून मांडीवर ठेवलं.

"बाई बिघडल्या," ती म्हणाली. "उद्या फळीवरची त्यांची सगळी पुस्तकं रद्दीत घाल."

"सगळी?"

"सगळी. खोटं बोलायला लागलेलं माणूस घरात नको."

बाई म्हणजे शकुची लेखिका. नाव घ्यायची गरज या घरात कधी पडली नाही. साकीनाक्याला टिकल्यांच्या कारखान्यात शकु बत्तीस वर्षं होती. आठ जणी गोल बसून पाकिटं भरायच्या. शकुच्या वाटची पाकिटं सात जणी आपसात वाटून घ्यायच्या आणि शकु बाईंची कादंबरी मोठ्याने वाचायची. रडायचं प्रकरण आलं की सगळ्यांचे हात मंदावत. मग शेठ ओरडायचा, "शकु, आज कुछ हसनेवाला पढ!"

मशीन दुरुस्त करायला येणारा कुंडलिक काम संपलं तरी दारात रेंगाळायचा. "पुढे काय झालं?" विचारायचा. पुढे पुढे तो फक्त शकुलाच विचारू लागला. शिमग्याला गावी गेला, महिन्याभरात येतो आणि घरच्यांना घेऊनच येतो म्हणाला. आला नाही. त्या वर्षी कारखान्यातल्या बायका शकुला सांगायच्या, येईल गं, येईल. बाईंच्या एका कादंबरीतली नायिका मात्र सोडून गेलेल्याची वाट बघणं थांबवते आणि नळावर रांगेत उभी राहते. तिथेच पुस्तक संपतं. शकुने ते सात वेळा वाचलं. बाई खोटा धीर देत नाहीत, एवढाच तिला धीर होता.

आता घाटकोपरच्या दहा बाय बाराच्या खोलीत भाची तेजल तिला रोज दुपारी वाचून दाखवायची. नव्या कादंबरीसाठी दोघी नऊ वर्षं थांबल्या होत्या.

तेजलने फळीकडे पाहिलं. एकोणीस पुस्तकं.

"मावशी, रद्दीत नको."

"का?"

"बाईंनी तसं लिहिलेलं नाही. शेवटची चौदा पानं मी मनाने वाचली."

"मग काय लिहिलंय?"

"बँकेत भेटतात दोघं, इतक्या वर्षांनी. तो तिला ओळखत नाही. पेन मागतो, सही करतो, पेन परत देऊन जातो."

"परत देतो?"

"हो."

"म्हणजे चांगला माणूस आहे." शकु जराशी हसली. मग ते हसू मावळलं. "तू का बदललंस?"

"तुला त्रास झाला असता. कुंडलिकची आठवण..."

"कुंडलिक मला भेटला होता. डोळे होते तेव्हा. मेट्रोच्या जिन्यावर. मलाच विचारलं त्याने, 'ताई, पूर्वेला कुठून उतरायचं?' मी हात करून दाखवलं. थँक्यू म्हणाला."

"तू कधी बोलली नाहीस!"

"कोणाला सांगणार? तू म्हणाली असतीस, गर्दी असेल, घाई असेल. मला वाटलं, हे फक्त बाईंना कळेल." तिने पुस्तकावर तळवा ठेवला. "कळलं होतं गं त्यांना. त्यांनी लिहिलं होतं. आणि तू मला गजरा दिलास."

"चुकले. पण आता वाचते ना, अक्षर न् अक्षर."

"दिवाळी अंकातल्या बाईंच्या कथेतली ती नर्स. ती शेवटी जगते, ते?"

"ते बाईंचंच आहे."

"कशावरून?"

तेजल उठून फळीवर तो अंक शोधू लागली.

"आणि आत्ता सांगितलंस ते पेनाचं? मला बरं वाटावं म्हणून तेही परत द्यायला लावलंस की काय?"

"नाही गं! शप्पथ, तुझी शप्पथ."

"मला दिसत नाही, तेजल. तुझ्या तोंडून येतं तेच माझं पुस्तक. आता त्यातलं बाईंचं कुठलं आणि तुझं कुठलं, मी कसं ओळखायचं?"

तेजलने तिच्या मांडीवरून पुस्तक उचललं, घाईघाईने ती पानं काढली. ती वाचू लागली. "'बँकेत त्या दिवशी पंखा बंद होता...' मावशी, ऐकतेस ना? हेच लिहिलंय. पुढे वाचू?"

शकुने पायाने चपला चाचपल्या. एक सापडली, दुसरी पलंगाखाली गेली होती. ती सापडलेलीही तिने काढून ठेवली आणि भिंत धरून, तशीच अनवाणी, गॅलरीत निघून गेली.